विलंबाचा खुलासा

"जाहिरात प्रसिद्ध न झालेल्या कालावधीत कमाल वयोमर्यादा ओलांडलेल्या एकाही पात्र उमेदवाराचे नुकसान होऊ नये, यास्तव एक वेळची विशेष बाब म्हणून वयोमर्यादेत सवलत देण्यात येत आहे." कनिष्ठ स्तरावरील दिवाणी न्यायाधीशांच्या भरतीसंबंधीचे हे वाक्य महांतेशने सकाळच्या चहाला मोबाइलवरून वाचून दाखवले. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तो तुळयांवरचा भार शिकवतो. कोणतेही वाक्य, मग ते बायकोच्या आयुष्याबद्दलचे का असेना, तो सूत्रासारखे सावकाश आणि सारख्या वजनाने वाचतो. दामिनी खिडकीशी उभी राहून मुलीच्या, अक्षराच्या, वेणीला रिबन बांधत होती. तिने वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि वकिलीच्या सवयीने ते उसवायला घेतले. जाहिरात 'प्रसिद्ध न झालेला' कालावधी. म्हणजे जाहिरात ही पावसासारखी वरून येणारी गोष्ट, तिच्यामागे कोणी माणूस नाही. उमेदवारांनी मात्र मर्यादा 'ओलांडली'. इथे माणसे आहेत, त्यांना पाय आहेत, आणि त्या पायांनी त्यांनी करू नये ते केले आहे. नुकसान 'होऊ नये', म्हणजे ते अजून झालेले नाही, दाराबाहेर चपला काढत उभे आहे आणि आतून कोणी दयाळू हात कडी लावीत आहे. ज्या वर्षांत जाहिरात निघाली नाही त्या वर्षांत तिच्या ओळखीचे लोक शिकवण्या घेऊ लागले, विमा विकू लागले, एकाने तर लोह्याच्या रस्त्यावर सिमेंटचे दुकान काढले; सूचनेच्या दृष्टीने त्यांना काहीच झालेले नव्हते. आणि शेवटी 'सवलत'. ज्याने नुकसान केले त्याने जे द्यायचे असते त्याला भरपाई म्हणतात. सवलत उपकार म्हणून देतात. एवढ्याशा वाक्यात आरोपीने न्यायाधीशाचा झगा चढवला होता आणि तो त्याला अगदी मापात बसला होता. जुन्या स्मृतिकारांनी न्यायसभेसाठी वृद्ध मागितले होते. आजच्या व्यवस्थेला उमेदवार पस्तिशीच्या आतले हवे असतात, आणि ते पस्तिशीपलीकडे जाऊन बसतील इतका वेळ ती शांतपणे घेते. हे सारे तिच्या मनात रिबनची दुसरी गाठ बसेपर्यंत झाले. मग महांतेश पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "तू बसतेस यात."

तेवढ्या तीन शब्दांनी तिच्या छातीत काहीतरी जागचे हलले. सूचनेवरचा राग थंड होता, ओळखीचा होता. तो तिला त्रास देत नसे, उलट टवटवीत ठेवी. हे निराळे होते. न्यायालयात रोज ती विलंब माफीचे अर्ज करते. अपिलाला उशीर झालेला मनुष्य दारात उभा राहतो आणि कायदा त्याला विचारतो, प्रत्येक दिवसाचा खुलासा कर. तो सांगतो, आई आजारी होती, नक्कल मिळाली नाही, सोयाबीन काढणीला आले होते. न्यायाधीश भुवई उचलतात. ज्यांनी वर्षानुवर्षे जाहिरात काढली नाही त्यांना मात्र एका दिवसाचाही खुलासा कोणी मागितला नाही, आणि त्यांनीही शिष्टाचार पाळून तो दिला नाही. हा विरोधाभास ती कायदा महाविद्यालयातल्या तासिका तत्त्वावरच्या तिच्या वर्गात चवीने सांगते, मुले हसतात. पण 'तू बसतेस यात' म्हटल्यावर प्रश्न तिच्याकडे वळला. अडतिसाव्या वर्षी ती न्यायाधीश नव्हती, याचा तिचा स्वतःचा खुलासा काय? तिच्याजवळ एक होता, आणि तो इतकी वर्षे अंगाखाली असल्यामुळे उशीसारखा तिच्या आकाराचा झाला होता: बहुधा आपण नापासच झालो असतो. त्या उशीवर तिचे आयुष्य निवांत टेकलेले होते. धरणाच्या बाजूने येणारा वारा, भाड्याच्या घरामागे तिने लावलेला शेवगा आणि कढीपत्ता, नांदेडच्या न्यायालयातली पोटगीची आणि ग्राहक तक्रारींची छोटी, स्वच्छ प्रकरणे, पुरावा कायद्यावरचे तास, रविवारी महांतेशने केलेली बेचव खिचडी आणि तिची अक्षराने केलेली स्तुती. हे सुख तिला कोणी सवलतीत दिलेले नव्हते. तिला त्याची लाज वाटत नसे. रात्री झोपताना, आपल्याला अमुक व्हायचे होते, असे काही तिच्या पापण्यांमागे उभे राहत नसे. आणि आता कोणीतरी येऊन म्हणत होते, ती उशी जरा उचला, खाली काय आहे ते बघायचे आहे.

अर्जासोबत अनुभवाचा दाखला लागणार होता. नांदेडातली अलीकडची वर्षे तिच्या नावावर होती. त्याआधीची लातूरची वर्षे कोणाच्याच नावावर नव्हती. ती वर्षे तिने शेषेराव वकिलांच्या हाताखाली काढली आणि त्या कार्यालयाच्या रिवाजाप्रमाणे वकीलपत्रावर फक्त त्यांचेच नाव असे. कनिष्ठाने साहेबांच्या वतीने उभे राहायचे, तारीख घ्यायची, उलटतपास लिहून काढायचा, युक्तिवाद तयार करायचा. कागदावर यायचे नाही. हा रिवाज लातूरचाच नव्हता, साऱ्या जिल्हा न्यायालयांचा होता, आणि तो इतका जुना होता की त्याला अन्याय म्हणणे म्हणजे जिन्याला उतार आहे म्हणून दोष देण्यासारखे होते. म्हणजे ती तिथे होती याला जिवंत साक्षीदार एकच. त्यांना भेटायला जायला हवे होते, दाखल्यासाठी. महांतेशला तिने एवढेच सांगितले. दुसरे कारण तिने जिभेच्या मागे ठेवले. अर्ज करायचा की नाही हे तिने ठरवलेले नव्हते आणि ते दुसऱ्या कारणावर अवलंबून होते.

नांदेडहून सुटलेली येष्टी लोह्याच्या पुढे गेली तेव्हा दोन्ही बाजूंना हरभरा गुडघ्याच्या खाली दाट उभा होता आणि ज्वारी हुरड्यात आली होती. वाहकाने तिला अर्धे तिकीट दिले. बायकांना अर्धे असते. शेजारची बाई दोघींच्या मध्ये हरभऱ्याचे डहाळे ठेवून, तिला न विचारता, खा म्हणून हाताने खुणावत होती. दामिनी घाटे सोलून खाऊ लागली. हिरव्या दाण्याची ती आंबूस, खारट चव जिभेवर आली आणि तिला लातूरचे ते कार्यालय आठवले, गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीतले, राहत्या घराच्या पुढच्या खोलीतले; कारण साखराबाई, शेषेरावांच्या पत्नी, थंडीत तिच्यापुढे असेच घाटे आणून ओतत आणि म्हणत, तोंड चालू ठेव माय, नुसतं वाचून पोट भरत न्हाई. निलंग्याहून बियाणे-खताच्या दुकानदाराची मुलगी वकिली शिकायला आली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी शेषेरावांनी तिच्या हातात एक साक्ष दिली आणि म्हटले, मोठ्याने वाच. तिला वाटले परीक्षा घेतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ते खिडकीकडे तोंड करून बसत, डोळे अर्धे मिटलेले, बोटे टेबलाच्या कडेवर. मधेच थांबवून म्हणत, "आता जे वाचलंस तिथं तो खोटं बोलला. पुन्हा वाच." ती पुन्हा वाची आणि खरेच, साक्षीदाराच्या वाक्यात एक शब्द जास्तीचा असे, घाबरून घातलेला. कायदा कानाने शिकतात, डोळ्याने नुसता पाठ होतो, असे ते सांगत, आणि तिने ते तत्त्वज्ञान म्हणून स्वीकारले. दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आले की तत्त्वज्ञानाला काचबिंदू झालेला आहे. ते माणसे चपलांच्या आवाजावरून ओळखत. न्यायालयात कागद हातात घेत पण तो कधी कधी उलटा असे, आणि तरी युक्तिवाद बिनचूक होई, कारण आदल्या संध्याकाळी तो तिच्या आवाजात त्यांच्या कानात गेलेला असे. तिने कधी विचारले नाही. त्यांनी कधी सांगितले नाही. एके दिवशी ती गेली तेव्हा तिची खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलून त्यांच्या उजव्या हाताला ठेवलेली होती, एवढेच.

चाकूरच्या अलीकडे बस थांबली, लोक चहाला उतरले, ती बसून राहिली. आपण त्या काळात किती सुखी होतो हे आठवून तिला हसू आले. अपमानाच्या साऱ्या खुणा हजर असताना माणूस इतका सुखी असू शकतो, यावर समाजशास्त्राने एखादे प्रकरण लिहायला हवे. पगार असा नव्हताच. सणाला साडी आणि महिन्याअखेर पाकीट. नाव नव्हते. पण संध्याकाळी दिवे लागले की आत भाकरी थापल्याचा आवाज, बाहेर गोलाईतला गलका, आणि मध्ये तिचा आवाज. निजामाच्या काळातले कागद ती वाची, मराठीत उतरवलेले पण मराठीला न जुमानणारे. इनाम, मुंतखब, खासरा, कब्जेदार. ते शब्द तिच्या तोंडात सुपारीसारखे फिरत. शेषेराव एखाद्या शब्दाला दाद देत, जणू तो तिनेच आत्ता घडवला आहे. कधी एखाद्या न्यायनिर्णयात न्यायाधीशाने तीन पाने चांगली लिहून चौथ्या पानावर कच खाल्लेली असे. ते दोघे एकाच ओळीला थांबत. "इथं ह्याला घरी जायची घाई झाली," ते म्हणत. मग विचारत, तू असतीस तर काय लिहिलं असतंस? आणि ती सांगे, सावकाश, पर्यायी निकाल, कारणांसह. ते ऐकत. त्या खोलीत तिने किती निकाल दिले असतील! कोणीही ते कोठे उतरवून घेतले नाहीत, आणि त्यांच्यावर अपील झाले नाही.

परीक्षेला बसण्याची कल्पनाही त्यांचीच. पूर्वपरीक्षा ती उत्तीर्ण झाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले आणि बाररूममध्ये जाऊन, आमच्या मॅडम आता आमच्यावरच डोळे वटारणार, असे सांगून आले. मुख्य परीक्षा मुंबईला, शनिवारी. त्याच शनिवारी औशाच्या एका वाटणीच्या दाव्यात अंतिम युक्तिवाद नेमला गेला. तीन भावांची विहीर एक, पाण्याच्या पाळ्यांवरून भांडण. दावा जुना, कागद ढीगभर, सगळा तिने वाचलेला. मुदत मागू, ते म्हणाले होते. गुरुवारी सकाळी त्यांनी सांगितले, मुदत मिळायची न्हाई, कोर्ट लई कडक हाय, शेवटची संधी म्हणून नेमलंय. जाऊ नको असे त्यांनी म्हटले नाही. हे तिने नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितले. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीचे तिकीट तिच्या पर्समध्ये होते आणि ती शुक्रवारी रात्री त्यांच्या उजव्या हाताला बसून विहिरीचा पंचनामा वाचीत होती. शनिवारी ते दोन तास बोलले. ती मागे उभी राहून, जिथे ते अडतील तिथे एक शब्द पुटपुटत होती; फार वेळा पुटपुटावे लागले नाही. दावा जिंकला. औशाच्या पक्षकाराने साहेबांच्या गळ्यात हार घातला आणि तिला, ताई, तुमचंबी पुण्य लई, असे म्हणाला. तिला आनंद झाला होता. ही गोष्ट ती आजही नाकारू शकत नाही. पुढच्या जाहिरातीला बघू, असे दोघांनी मिळून ठरवले. पुढची जाहिरात आली नाही. मग महांतेशचे स्थळ आले, नांदेड आले, अक्षरा आली, पस्तिशी आली आणि गेली. आणि सगळ्याच्या तळाशी ती उशी आली, बहुधा नापासच झालो असतो. ती उशी तिच्या आईने, जगदेवीने, आणून दिली होती. "आलेलं गेलं म्हणू नये अव्वा, ते आलेलंच नव्हतं," असे काहीसे आई म्हणाली होती, दुकानाच्या मागच्या खोलीत, कन्नडात अर्धे आणि मराठीत अर्धे. त्यावर विश्वास ठेवणे किती सोपे आणि किती उबदार होते.

हे सारे असेच राहिले असते. पण सूचना येण्याच्या महिनाभर आधी, नांदेडातल्या एका लग्नाच्या जेवणात, तिच्या पंक्तीत चन्नबसप्पा वकील येऊन बसले. औशाच्या त्या दाव्यात ते समोरच्या बाजूचे वकील. जिलेबी मोडता मोडता ते सहज म्हणाले की तुमचे साहेब म्हणजे अस्सल. माझ्या वडिलांचं सोलापूरला ऑपरेशन, मी बुधवारी घरी जाऊन हात जोडले, दोघं मिळून मुदत मागू म्हटलं, दोघांनी मागितली तर त्या कोर्टात हमखास मिळायची, पण साहेब म्हणाले, न्हाई, मी विरोध करणार. वडील वाचले, म्हणून आज हसून सांगून राहिलो, ताई. तिनेही हसून दुसरी जिलेबी घेतली. बुधवारी. म्हणजे गुरुवारच्या सकाळच्या आदला दिवस. मुदत मिळायची न्हाई, हे वाक्य मग माहिती नव्हते, निर्णय होते. ती पुरावा कायदा शिकवते. लग्नाच्या पंगतीत पराभूत वकिलाने वर्षांनंतर सांगितलेली गोष्ट ऐकीव, स्वारस्य असलेल्याची, आणि जिलेबीच्या तोंडाने सांगितलेली. असे म्हणून तिने ती बाजूला ठेवली होती. 'तू बसतेस यात' म्हटल्यावर ती आपोआप पुन्हा पटलावर आली. ते अनवधान होते की जाणूनबुजून? आणि जाणूनबुजून असेल, तर त्या माणसाने, ज्याला एका वाक्यातला घाबरलेला शब्द ऐकू येई, तिच्याबद्दल नेमके काय जाणले होते? तिला सूड नको होता. तिला फक्त त्या बुधवारचा खुलासा हवा होता. पण विचारायचे नाही, असेही तिने ठरवले होते. सूचक प्रश्न विचारून, आशा दाखवून, रडून मिळवलेली कबुली ही कबुली नसते. मुलांना ती हेच सांगते. आरोपी आपण होऊन बोलला तर बोलला. नाही तर दाखला घेऊन परत, हरभऱ्याच्या शेतांमधून, घरी.

गल्ली तीच होती, फक्त दोन्ही तोंडांना मोबाइलची दुकाने झाली होती. दार साखराबाईंनी उघडले, तिच्या तोंडाकडे क्षणभर पाहिले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "जज्ज झालीस का पोरी? इतक्या दिसांनी तारीख लागली आमची." मग तिच्या गालावरून बोटे फिरवून कडाकडा मोडली, आत ओढली, पाणी दिले, अक्षरा कितवीत गेली, नवरा स्वयंपाक करतो हे खरे का, आणि तो स्वयंपाक तुम्ही खाता हेही खरे का, असे सगळे एका दमात विचारून घेतले. तिच्या मागे चौघे जण ठेवले होते, त्या सांगू लागल्या, एकाचेही वाचणे ह्यांना पटले नाही. आता भाच्याने मोबाइलमध्ये काहीतरी घालून दिले आहे. कागदाचा फोटो काढला की तो वाचून दाखवतो. पुढच्या खोलीतून शेषेरावांनी तिला नावाने हाक मारली. चप्पल ओळखली का, म्हणून दामिनीने विचारले. ते म्हणाले, चप्पल नवी आहे, उंबऱ्यावर थांबणं जुनं आहे. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, अधिक बारीक, दाढी नीट केलेली, डोळे आता उघडे, कारण ते मिटून घेण्याने काही साधणार नव्हते. मोबाइलबद्दल त्यांनीही तक्रार केली, पण न्यायाधीशाच्या संयमाने. "शब्द सगळे बरोबर म्हणतो. पर पूर्णविरामाला श्वास घेत न्हाई. जो श्वास घेत न्हाई त्याला खोटं कुठं हाय ते कसं कळावं?" उजव्या हाताची खुर्ची जागेवर होती. ती तिथे बसली. तिला इतके बरे वाटले की तिचा तिलाच राग आला.

दाखल्याचे तिने सांगितले. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मजकूर तिला वाचायला लावला, एका ठिकाणी 'साहाय्य केले' होते ते खोडून 'स्वतंत्रपणे काम पाहिले' असे घालायला लावले, मग हात पुढे केला. तिने त्यांचे बोट सही करायच्या जागी टेकवले. पूर्वीसारखीच, एका झटक्यात, खाली रेघ असलेली सही झाली. आता तिच्याकडून मिळवण्यासारखे त्यांना काही उरले नव्हते आणि त्यांच्याकडून मागण्यासारखे तिला. तिच्या मनातल्या कायद्याच्या प्राध्यापिकेने याची नोंद घेतली: प्रलोभन नाही, धमकी नाही, आश्वासन नाही. साखराबाईंनी ज्वारीचा हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी आणून ठेवली, आणि मग, त्या आत जातील असे वाटले तोच, दाराच्या चौकटीला टेकून तिथेच उभ्या राहिल्या. शेषेराव म्हणाले, ती सूचना वाच. तिने पर्समधून मोबाइल काढून वाचली, पूर्णविरामाला श्वास घेऊन. ते डोके किंचित कलते करून ऐकत होते, जसे औशाच्या विहिरीचा पंचनामा ऐकला होता. नुकसान होऊ नये, या शब्दांपाशी त्यांनी बोट उचलले.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचले.

"विलंब कुणी केला ते ह्यात न्हाई," ते म्हणाले.

"नसतं साहेब. तसं लिहायची पद्धत नाही."

"अन् तू भरणार का फॉर्म?"

ती म्हणाली की ठरलेले नाही. तिचे चांगले चालले आहे, खरोखर चांगले. आणि शिवाय, तेव्हाही आपण उत्तीर्ण झालोच असतो असे तिला कधी वाटले नाही. हे तिने सहज, हुरड्याचा घास घेत, आवाजात काहीही न ठेवता सांगितले. पण ती ज्याच्याशी बोलत होती त्याला आवाजात काय ठेवलेले नाही तेही ऐकू येई. बाहेर एक स्कूटर सुरू होईना, कोणीतरी तिला पुन्हा पुन्हा लाथ मारत होते. चौकटीतून साखराबाई हळू आवाजात म्हणाल्या, सांगा आता. किती वर्षं मला एकटीला सांगून राहिलात. शेषेरावांचा हात टेबलाच्या कडेवर आला. ते तिला म्हणाले, लिहून घे. तिने सांगितले, लिहायची गरज नाही, ती ऐकत आहे. त्यांनी तोंड खिडकीकडून वळवून तिच्या बाजूला केले. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी केले नव्हते. कबुलीजबाब आरोपीच्या स्वतःच्या शब्दांत, दुरुस्ती न करता, जसाच्या तसा ठेवावा असे ती विद्यार्थ्यांना शिकवते. तो असा होता:

"चन्नबसप्पा बुधवारी सांजच्याला आला होता. त्याला मुदत पाहिजे होती, बापाचं ऑपरेशन होतं. मी हाव म्हटलं असतं तर कोर्टानं दिली असती, अन् शनिवारी तू मुंबईत असतीस. मी न्हाई म्हटलं. मला कुणी सांगितलं न्हाई, कुणी जबरदस्ती केली न्हाई. डोळ्यांची सबब माझ्या वतीनं तू मांडू नको; वाचणारं दुसरं माणूस मिळालं असतं, बरंवाईट. तू पास होणार हे मला ठाऊक होतं, रोज सांजच्याला ऐकून राहिलो होतो मी. नापास होणारी असतीस, तर मी स्वतः तुला स्टेशनवर सोडायला आलो असतो."